क्रेस्ट-३ चं २४ ग्रॅमचं मॉड्यूल: थर्मामीटर अव्वल, अडचण उंबरठ्यालगत

इटलीत ग्रान सासो डोंगराच्या पोटात, १,४०० मीटर खडकाखाली, क्रेस्ट हा प्रयोग डार्क मॅटरचे (विश्वातल्या न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवलेल्या द्रव्याचे) हलके कण शोधतो. त्याच्या तिसऱ्या पिढीतल्या मॉड्यूलचं हे परीक्षण आहे, त्यातही 'डिटेक्टर ए' या एका नगाचं. या नगानं ऑक्टोबर २०१६ ते जानेवारी २०१८ या काळात नोंदी घेतल्या, २०१९ मध्ये निकाल आले आणि त्यामागची माहितीही सर्वांसाठी खुली झाली. मॉड्यूल दुकानात मिळत नाही. पण स्फटिक, टंगस्टनची फिल्म, स्क्विड (अतिसूक्ष्म चुंबकीय बदल मोजणारं उपकरण) आणि डायल्यूशन फ्रिज (मिलिकेल्विनपर्यंत थंड करणारा) हे चार भाग जमवून अनेक प्रयोगशाळा असं उपकरण बांधू पाहतात. त्यांनी यातून काय घ्यावं आणि काय टाळावं, हे इथे पाहू.

निकाल आधीच सांगतो. ऊर्जेचा उंबरठा, म्हणजे ओळखता येणारी सर्वांत कमी ऊर्जा, खाली आणण्यात या मॉड्यूलला पैकीच्या पैकी गुण. पण त्या उंबरठ्याच्या लगेच वर घटनांची जी गर्दी दिसते, तिचा उलगडा अजून झालेला नाही. आणि ०.५ जीईव्हीपेक्षा (१ जीईव्ही म्हणजे साधारण एका प्रोटॉनचं वस्तुमान) हलका कण शोधायचा असेल तर शोधाची सगळी जागा त्या गर्दीतच आहे.

इतका छोटा स्फटिक का?

डिटेक्टर ए म्हणजे कॅल्शियम टंगस्टेटचा २० × २० × १० मिलिमीटरचा, जेमतेम २४ ग्रॅमचा ठोकळा. आधीच्या पिढीतला 'लिझे' हा नग ३०० ग्रॅमचा होता आणि त्याचा उंबरठा ३०७ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं सूक्ष्म एकक) होता. नव्या नगाचा उंबरठा आहे ३०.१ ईव्ही. वजन बारा पटींनी घटवून उंबरठा दहा पटींनी खाली आणला. हलक्या कणांच्या बाबतीत हा सौदा फायद्याचाच आहे, आणि का ते साध्या गणितात दिसतं.

आपल्या आकाशगंगेत बांधलेला कण पृथ्वीवर फार तर सेकंदाला पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास वेगानं आदळतो. १ जीईव्ही वस्तुमानाच्या कणाकडून ऑक्सिजनच्या अणुकेंद्राला जास्तीत जास्त ८०० ईव्हीच्या आसपास धक्का बसेल, टंगस्टनच्या केंद्राला फक्त ७५ ईव्हीच्या आसपास. कण ०.५ जीईव्हीचा असेल तर ऑक्सिजनला मिळणारा धक्काही २०० ईव्हीवर येतो. म्हणजे ३०० ईव्हीचा उंबरठा असलेल्या डिटेक्टरला अशा कणाची चाहूलच लागणार नाही, मग तो किलोभर असो की टनभर. वजन वाढवून नोंदींची संख्या वाढते, नजर तीक्ष्ण होत नाही. उंबरठा पुरेसा खाली असेल तर मात्र काही ग्रॅमांचा तुकडाही नवा प्रदेश उघडतो. या एका मॉड्यूलनं सुमारे ५.६ किलोग्रॅम-दिवसांच्या (वजन गुणिले दिवस) नोंदींवर ०.१६ जीईव्हीपर्यंतच्या कणांवर मर्यादा घातली, म्हणजे असे कण अणुकेंद्रांवर जास्तीत जास्त किती वेळा आदळत असतील ते सांगितलं. या क्षेत्रात किलोग्रॅम-दिवसांचा हा आकडा अगदी किरकोळ समजतात.

थर्मामीटर: या मॉड्यूलचं खरं बळ

स्फटिकाच्या पृष्ठभागावर टंगस्टनची पातळ फिल्म असते. ती १५ मिलिकेल्विनच्या आसपास अतिवाहक होते. तिला नेमकं त्या संक्रमणाच्या चढावर उभं केलं की तापमानातल्या क्षुल्लक बदलानंही तिचा रोध चटकन बदलतो आणि तो बदल स्क्विडनं वाचता येतो. याला ट्रान्झिशन एज सेन्सर, थोडक्यात टीईएस म्हणतात. इतक्या कमी तापमानाचा दुसरा फायदा असा की स्फटिकाची उष्णताधारकता तापमानाच्या घनाच्या प्रमाणात घटते. तापमान निम्मं केलं की तीच ऊर्जा आठपट चढ देते.

मात्र डिझाइनचं श्रेय तेवढ्यावर संपत नाही. धक्क्यानंतर लगेच स्फटिकात उच्च-वारंवारतेचे फोनॉन (स्फटिकाच्या कंपनांचे पुंजके) पसरतात. ते सगळे विरून स्फटिक एकसारखा 'गरम' होण्याआधीच त्यांना पकडायचं असतं. त्यासाठी टंगस्टन फिल्मला अॅल्युमिनियमचे पंख जोडलेले आहेत. त्यात शिरलेले फोनॉन इलेक्ट्रॉनांच्या अतिवाहक जोड्या फोडतात आणि ती ऊर्जा सरकत टंगस्टनच्या इलेक्ट्रॉनांपर्यंत पोचते. त्यामुळे संपूर्ण स्फटिकाऐवजी एका चिमुकल्या फिल्मचे इलेक्ट्रॉन तापतात, आणि सिग्नल कितीतरी मोठा येतो. फिल्म मोठी केली तर फोनॉन जास्त सापडतात, पण तिची स्वतःची उष्णताधारकता वाढते. हा तोल या नगात इतका चांगला साधला आहे की बेसलाइनचं विभेदन (स्पंद नसतानाच्या नॉइजमुळे ऊर्जेत येणारी अनिश्चितता) ४.६ ईव्हीवर आलं. पहिल्या फेरीत बसवलेल्या दहा मॉड्यूलांपैकी पाचांनीच १०० ईव्हीचं उद्दिष्ट गाठलं. एकाच आराखड्यातून बनलेल्या नगांत एवढा फरक पडतो, याची दखल बांधणाऱ्यांनी घ्यावी. एका उत्तम नगाचा आकडा पाहून सगळ्या संचाचं नियोजन करू नये.

चालवायचं कसं

फ्रिज तळाच्या तापमानाला स्थिरावल्यावर प्रत्येक टीईएसचा कामाचा बिंदू वेगळा शोधावा लागतो. फिल्मशेजारीच एक हीटर असतो. त्याची शक्ती आधी इतकी ठेवायची की फिल्म पूर्ण सामान्य अवस्थेत जाईल, मग ती हळूहळू उतरवत फिल्मला अतिवाहक अवस्थेकडे न्यायचं, आणि वाटेत त्याच हीटरमधून ठरावीक उंचीचे चाचणी-स्पंद सोडत राहायचं. ज्या बिंदूवर स्पंदाची उंची आणि नॉइज यांचं गुणोत्तर सर्वांत चांगलं, तो बिंदू धरायचा. नुसती सर्वांत मोठी उंची पाहून बिंदू निवडला तर फसगत होते, कारण संक्रमणाच्या काही भागांत नॉइजही तितकाच फुगतो. फिल्ममधून सोडलेला बायस प्रवाह बदलून हीच फेरी पुन्हा करावी. प्रवाह वाढवला तर सिग्नल वाढतो, पण फिल्म स्वतःच्याच उष्णतेनं तापू लागते आणि एका मर्यादेनंतर अस्थिर होते.

बिंदू ठरला की तो टिकवायचा. यासाठी फिल्मला संक्रमणाच्या पार बाहेर ढकलणारे मोठे नियंत्रण-स्पंद ठरावीक अंतरानं पाठवले जातात. त्यांची उंची घसरली किंवा वाढली तर हीटर आपोआप भरपाई करतो. ही व्यवस्था महिनोन् महिने चालते. थर्मामीटर सव्वा वर्ष विश्वासानं वापरता येतो त्यामागे तीच आहे. ज्यांचा बिंदू सरकला ते तास विश्लेषणातून सरळ वगळायचे, त्यात लोभ करू नये.

सिग्नल सेकंदाला २५,००० नमुन्यांच्या गतीनं अखंड साठवला जातो आणि ट्रिगर (स्पंद आल्याची खूण) नंतर संगणकावर, नॉइजमधून स्पंद वेगळा काढणारा ऑप्टिमम फिल्टर लावून शोधला जातो. ही निवड फार शहाणपणाची. हार्डवेअर ट्रिगर एकदा चुकला की चुकला, इथे मात्र उंबरठा मागाहून ठरवता येतो. तो कसा ठरवला हेही स्पष्ट आहे: एका किलोग्रॅम-दिवसात निव्वळ नॉइजमुळे एकच खोटी घटना येईल, इतका.

काय बिघडतं

सर्वांत आधी कंपनं. स्फटिक आणि त्याचा आधार यांच्यात मायक्रोमीटरचीही हालचाल झाली तर घर्षणाची उष्णता ३० ईव्हीपेक्षा सहज जास्त भरते. त्यानंतर विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आणि अर्थिंगची वेटोळी. तारांचे जोड प्रत्येक तापमान-पायरीवर नीट उष्णता-बद्ध केले नाहीत तर वरून उतरणारी उष्णता फिल्मला बिंदूवर येऊच देत नाही. मोठ्या ऊर्जेचा स्पंद आला की स्क्विडला तो वेग गाठता येत नाही, तो काही फ्लक्स-क्वांटम (चुंबकीय प्रवाहाच्या पायऱ्या) चुकतो आणि बेसलाइन वेगळ्याच पातळीवर जाऊन बसते. अशा नोंदी ओळखून काढाव्या लागतात. स्पंद शेकडो मिलिसेकंद रेंगाळत असल्यानं २४ ग्रॅमचा ठोकळा जमिनीवरच्या प्रयोगशाळेत चालवला तर वैश्विक किरणांनी एकावर एक स्पंद चढतात. जमिनीवर चाचणी करायची असेल तर ग्रॅमभर किंवा त्याहून लहान तुकडा घ्यावा.

प्रकाशाची जोड

कॅल्शियम टंगस्टेट चमकतो, म्हणून स्फटिकासमोर २० × २० × ०.४ मिलिमीटरची नीलमणीवर सिलिकॉन चढवलेली चकती ठेवली आहे, तिलाही स्वतःचा टीईएस. इलेक्ट्रॉन किंवा गॅमानं दिलेल्या ऊर्जेतून जितका प्रकाश निघतो त्याच्या ११ टक्के ऑक्सिजनच्या धक्क्यातून, ६ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियमच्या, आणि २ टक्क्यांहून कमी टंगस्टनच्या धक्क्यातून निघतो. काही केईव्हीच्या (१ केईव्ही म्हणजे १,००० ईव्ही) वर या फरकावरून किरणोत्सारी पार्श्वभूमी स्वच्छ वेगळी काढता येते. १०० ईव्हीला मात्र मुळात प्रकाशच इतका थोडा असतो की सगळे पट्टे एकमेकांत मिसळतात. हलक्या कणांसाठी ही चकती प्रकाश मोजण्यापेक्षा दुसऱ्याच कारणानं मौल्यवान ठरली, ते पुढे येईल.

पकड आणि आवरण

स्फटिक कॅल्शियम टंगस्टेटच्याच तीन काड्यांवर धरलेला आहे. प्रत्येक काडीवर स्वतःचा टीईएस, म्हणजे काडीत काही घडलं तर ते मुख्य स्फटिकातल्या घटनेपासून ओळखता येतं. भोवती परावर्तक आणि स्वतः चमकणारं फॉइल. पृष्ठभागावरच्या पोलोनियमचा अल्फा-क्षय झाला तर शिशाचं केंद्रक स्फटिकात घुसतं आणि अल्फा फॉइलमध्ये, तेव्हा फॉइलच्या चमकेवरून घटना पकडली जाते. कल्पना सुरेख आहे आणि ज्या कामासाठी आखली ते काम ती करते.

बाहेरची संरक्षक तटबंदी जुन्या पिढीकडून आलेली: आत पॉलिएथिलीन, मग १४ सेंटिमीटर शुद्ध तांबं, २० सेंटिमीटर शिसं, रेडॉन बाहेर ठेवणारी पेटी, म्युऑन ओळखणारी २० पॅनेलं आणि सर्वांत बाहेर पुन्हा जाड पॉलिएथिलीन. फ्रिजचा मिश्रणकक्ष (त्याचा सर्वांत थंड भाग) या तटबंदीच्या बाहेर आहे. थंडी तांब्याच्या लांब दांड्यावरून आत पोचते. फ्रिजच्या भागांतली किरणोत्सारिता स्फटिकापासून दूर राहावी म्हणून हा खटाटोप, आणि तो सार्थ आहे.

उंबरठ्यालगतची गर्दी

अपेक्षा अशी होती की तटबंदी इतकी चांगली असताना ३० ते २०० ईव्हीचा पट्टा जवळपास मोकळा सापडेल. प्रत्यक्षात २०० ईव्हीच्या खाली घटनांचा दर झपाट्यानं चढतो. डिटेक्टर ए मध्ये स्वीकृत क्षेत्रात (डार्क मॅटरचा धक्का जिथे अपेक्षित आहे त्या भागात) एकूण ४४१ घटना आल्या आणि त्यांतल्या कमी ऊर्जेच्या घटनांनी मर्यादेची धार बोथट केली. हा नॉइज नाही, स्पंदांचा आकार खऱ्या घटनांसारखाच आहे. आणि हा रोग एकट्या क्रेस्टचा नाही. निरनिराळ्या पदार्थांचे निरनिराळे थंड डिटेक्टर तेच दाखवतात, इतकं की २०२१ पासून 'एक्सेस' नावाच्या कार्यशाळांत हे गट आपापल्या नोंदी शेजारी-शेजारी मांडतात.

हेच डार्क मॅटर नसेल कशावरून? याचं उत्तर बऱ्यापैकी ठाम देता येतं. एकाच फ्रिजमधल्या मॉड्यूलांत दर वेगवेगळा आहे आणि तो वस्तुमानाच्या प्रमाणात नाही. शिवाय फ्रिज थंड केल्यापासून घटनांचा दर महिनोन् महिने घटत जातो. घटण्याचा काळ साधारण दीडशे दिवसांचा. मग डिटेक्टर ६० केल्विनपर्यंत तापवून परत थंड केले तर दर पुन्हा उसळतो आणि या वेळी काही आठवड्यांतच ओसरू लागतो. आकाशगंगेतून येणाऱ्या कणांना आपला फ्रिज कधी तापवला याची खबर असण्याचं कारण नाही. बाहेरच्या किरणोत्सारितेलाही नाही.

पुढच्या फेरीत प्रयोगकर्त्यांनी मॉड्यूलाचे भाग एकेक करून बदलले: कुठे फॉइल काढलं, कुठे काड्यांचं साहित्य बदललं, स्फटिकही वेगळे घेतले. गर्दी सगळीकडे राहिली. ही पद्धत आम्हांला या सगळ्या उपक्रमातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. नकारार्थी उत्तरं आली, ती तशीच छापली, आणि त्यामुळे फॉइलची चमक हे कारण नसल्याचं कळलं.

आज मुख्य संशय साठलेल्या ताणावर आहे. खोलीच्या तापमानावरून मिलिकेल्विनवर येताना धातू आणि स्फटिक वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. पकडीच्या जागी आणि फिल्मखालच्या सीमेवर ताण साठतो आणि महिनोन् महिने बारीक-बारीक झटक्यांनी सुटतो. दुसऱ्या एका गटानं सिलिकॉनचा एक तुकडा डिंकानं चिकटवून आणि दुसरा नुसत्या बारीक तारांवर लटकवून तपासला. चिकटवलेल्यात कमी ऊर्जेच्या घटना कितीतरी पट जास्त आल्या. क्रेस्टनंच एका स्फटिकावर दोन सारखे टीईएस बसवून पाहिले: स्फटिकात घडलेली घटना दोन्हींत सारखी दिसते, पण काही घटना एकाच टीईएसमध्ये दिसल्या. त्या फिल्ममध्ये किंवा तिच्या तळाशी जन्मतात. म्हणजे गर्दीची निदान दोन उगमस्थानं आहेत.

आज नवं मॉड्यूल बांधणाऱ्याला आमचा आग्रह: एकच टीईएस असलेला नग बांधू नका. दुसरा टीईएस म्हणजे आणखी एक स्क्विड-वाहिनी, जास्त तारा, थोडा जास्त उष्णताभार. तरीही तो खर्च करा. आणि थंड केल्यानंतरचे पहिले काही आठवडे शोधासाठी न धरता दर कसा ओसरतो ते मोजण्यासाठी ठेवा.

ऊर्जेचं माप

डिटेक्टर ए चं माप ११.२७ केईव्हीच्या रेषेवरून लावलं. ही रेषा टंगस्टनमध्ये वैश्विक किरणांनी तयार झालेल्या टँटलम-१७९ ची, म्हणजे स्फटिकाच्या आतच मिळालेली खूणगाठ. पण ११.२७ केईव्हीवरून ३० ईव्हीपर्यंत उतरायचं म्हणजे जवळपास पावणेचारशे पटींची घसरण, आणि ती सगळी हीटरच्या चाचणी-स्पंदांच्या भरवशावर. ही उणीव नंतर चांगली भरून निघाली. टंगस्टन-१८२ नं न्यूट्रॉन गिळला आणि गॅमा एकाच फटक्यात बाहेर पडला की केंद्राला ११२.४ ईव्हीचा धक्का बसतो. क्रेस्टच्या न्यूट्रॉन-नोंदींत हे शिखर १०६.७ ईव्हीला दिसलं. पाच टक्क्यांची चूक, तीही थेट अणुकेंद्राच्या धक्क्यावर आणि थेट हव्या त्या पट्ट्यात. कॅल्शियम टंगस्टेट निवडण्याचं आज हे एक भक्कम कारण आहे.

प्रकाश-चकतीचं मोल इथेच कळतं. चकत्याच डिटेक्टर म्हणून वापरल्या तेव्हा ०.३५ ग्रॅम सिलिकॉनचा उंबरठा १० ईव्हीवर आला, आणि नीलमणी-सिलिकॉनच्या ०.६ ग्रॅमच्या चकतीचा ६.७ ईव्हीवर, विभेदन १ ईव्ही. तिनं एकेक फोटॉन वेगळा मोजला, म्हणजे माप लावण्याची सोय ईव्हीच्या पातळीवरच झाली, आणि मर्यादा ०.१ जीईव्हीच्याही खाली गेली.

दुसरा पर्याय

कॅनडातल्या सडबरीचा सुपरसीडीएमएस जर्मेनियम आणि सिलिकॉनच्या मोठ्या चकत्यांवर सुमारे १०० व्होल्ट लावतो. भुवनेश्वरची नायसर ही संस्था त्यात सहभागी आहे. विद्युतक्षेत्रात सरकणारी प्रत्येक इलेक्ट्रॉन-होल जोडी तितक्या ईव्हीचे फोनॉन सोडते, त्यामुळे सिग्नल कितीतरी मोठा होतो. इलेक्ट्रॉनवर आदळणाऱ्या डार्क मॅटरसाठी हीच वाट धरावी. अणुकेंद्राच्या धक्क्यासाठी मात्र इतक्या कमी ऊर्जेला किती जोड्या सुटतात यावर सगळं माप अवलंबून राहतं. नुसते फोनॉन मोजणारं क्रेस्टचं मॉड्यूल त्या परावलंबनातून सुटतं.

फ्रिज

क्रेस्टचा फ्रिज द्रव हेलियम आणि द्रव नायट्रोजनवर चालतो. भरण्याची कटकट आहे, पण तो शांत आहे. आज नवा संच घेणारे बहुतेक कोरडा फ्रिज घेतात. त्यातली पल्स ट्यूब (द्रव हेलियमऐवजी थंडी देणारा यांत्रिक भाग) सेकंदाला एक-दीड ठोका देते आणि त्या ठोक्याचे गुणक थेट टीईएसच्या पट्ट्यात येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कथिलाच्या बोलोमीटरसाठी (उष्णतेवरून ऊर्जा मोजणाऱ्या डिटेक्टरसाठी) सीएफडीआर-१२०० हा कोरडा डायल्यूशन फ्रिज आहे, १२० मिलिकेल्विनला १.४ मिलिवॅट शक्तीचा. असा आकडा वाचताना लक्षात ठेवावं की शक्ती तापमानाच्या वर्गाप्रमाणे घटते. १५ मिलिकेल्विनला ती फार तर २० मायक्रोवॅटच्या आसपास उरते. त्यातून तारांचा, हीटरांचा आणि कंपनांचा भार वजा करूनच किती वाहिन्या बसतील ते ठरवावं. कोरड्या फ्रिजमध्ये स्प्रिंगवर टांगलेली पायरी आणि पल्स ट्यूबला लवचिक तांब्याच्या वेण्यांनी जोडणी, या दोन गोष्टींचे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढावेत.

खुली माहिती

ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांच्यासाठी हा या मॉड्यूलचा सर्वांत उपयोगी भाग. घटनांच्या ऊर्जा, स्वीकृत क्षेत्रातल्या घटनांची वेगळी यादी, आणि ऊर्जेनुसार किती टक्के खऱ्या घटना चाळणीतून वाचतात याचे तिन्ही अणुकेंद्रांसाठीचे तक्ते, एवढं सगळं मिळतं. स्थानिक घनता घन सेंटिमीटरला ०.३ जीईव्ही, सूर्याच्या कक्षेचा वेग सेकंदाला २२० आणि निसटण्याचा वेग ५४४ किलोमीटर घेऊन अपेक्षित वर्णपट काढा, तो ४.६ ईव्हीच्या विभेदनानं पसरवा, वाचण्याच्या टक्केवारीनं गुणा आणि येलिनच्या पद्धतीनं (पार्श्वभूमी माहीत नसतानाही चालणाऱ्या) मर्यादा काढा. पार्श्वभूमीचं कुठलंच प्रारूप वजा करू नका, मूळ निकालातही केलेलं नाही. ०.१६ जीईव्हीपाशी तुमची रेघ छापील रेघेपासून दूर पळाली तर आधी विभेदनाची पायरी तपासा. तिथे ऑक्सिजनला बसणारा सर्वांत मोठा धक्काही उंबरठ्याच्या खालीच पडतो, आणि वर येते ती फक्त पसरलेल्या वर्णपटाची शेपटी.